उत्तरपूजा

आपल्या पूजाविधीत आवाहनाला जितकी गर्दी होते तितकी उत्तरपूजेला होत नाही, हा कोणत्याही देवस्थानातील पुजाऱ्याचा नित्याचा अनुभव आहे. देव यायचा असतो तेव्हा मखर, तोरणे, वाजंत्री, नवी वस्त्रे, पाहुणेरावळे सारे काही असते. त्याला निरोप द्यायची वेळ येते तेव्हा घरातली एकदोन वडीलधारी माणसे तेवढी पाटासमोर बसलेली आढळतात. पण शास्त्राने हा विधी कोणाच्या लहरीवर सोडलेला नाही. ज्याला आपण होऊन बोलावले, ज्याच्याकडून इतके दिवस घेतले, त्याला अक्षता वाहाव्या, वाटेची शिदोरी हातावर ठेवावी, उण्यापुऱ्याची क्षमा मागावी, आणि मगच मूर्ती जागची हलवावी. उत्तरपूजा न करता मूर्ती उचलली तर त्याला विसर्जन म्हणत नाहीत. टाकून देणे म्हणतात.

गेली काही वर्षे हा विचार माझ्या मनात एका अगदी वेगळ्या संदर्भात घोळत आहे. तो संदर्भ म्हणजे दगडी कोळसा. सध्याचे युग नव्या देवतांच्या आवाहनाचे आहे. सूर्य आणि वारा यांच्यापासून वीज घेण्याचा संकल्प आपल्या राष्ट्राने सोडला आहे. जागोजाग काचेच्या काळ्यानिळ्या पाट्या उभ्या राहत आहेत, त्यांची उद्घाटने होत आहेत, आणि हे सर्व इष्टच आहे. परंतु ज्याच्या जागी ही नवी स्थापना व्हायची तो जुना देव अद्याप मखरात बसलेला आहे. शंभराहून अधिक वर्षे त्याने आपले दिवे लावले, गाड्या ओढल्या, गिरण्या फिरवल्या. त्याची उत्तरपूजा कोण करणार, कशी करणार, आणि तिची दक्षिणा कोणी द्यायची, याविषयी मात्र फारसे कोणी बोलताना दिसत नाही.

मी पांढुर्ण्याचा. १९५६ साली राज्यपुनर्रचना झाली तेव्हा नागपूर मुंबई राज्यात गेले आणि आमचे पांढुर्णा-सौंसर मध्य प्रदेशातच राहिले. घरात मराठी, कचेरीत हिंदी आणि बाजारहाट नागपूरचा, अशी तेव्हापासून आमची त्रिस्थळी यात्रा चालू आहे. २०२३ साली छिंदवाड्यातून निघून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि सौंसर तालुका त्यात आला. आमच्या उत्तरेला सातपुड्याच्या डोंगरात परासिया, जुन्नारदेव, दमुआ ही छिंदवाडा जिल्ह्यातील कोळशाची गावे; दक्षिणेला नागपूरच्या उंबरठ्यावर खापरखेडा आणि कोराडी ही कोळसा जाळणारी वीजकेंद्रे; आणि या दोहोंच्या मध्ये आमच्या संत्र्यांच्या बागा. कन्हान नदी सातपुड्यात उगम पावून कोळशाच्या मुलखातून येते, सौंसर तालुक्यातून वाहते आणि पुढे नागपूर जिल्ह्यात उतरते. आमची जाम नदी तिलाच जाऊन मिळते. कोळसा खणणारे, त्याची झळ सोसणारे आणि त्याची वीज वापरणारे असे तिघेही एकाच नदीच्या काठी राहतात. ज्या प्रश्नावर जगाच्या परिषदा भरतात तो सबंध प्रश्न आमच्या दृष्टीच्या टापूत मावतो. त्यासाठी मला दूर जावे लागत नाही.

आणखीही एक गोष्ट आहे, ती फार थोड्यांना ठाऊक असते. भूगर्भशास्त्रात ‘गोंडवन’ हा शब्द जगभर रूढ आहे. आफ्रिका, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि भारत एकत्र जोडलेले होते त्या प्राचीन भूखंडाचे ते नाव. एकोणिसाव्या शतकातील संशोधकांनी ते घेतले ते मध्य भारतातील गोंडांच्या भूमीवरून. देवगडच्या गोंड राजांचा आमचा मुलूख त्याच भूमीत येतो. येथल्या भूमीत पंचवीस-तीस कोटी वर्षांपूर्वी दलदलीची वने होती. जिभेच्या आकाराच्या पानांची ग्लॉसोप्टेरिस नावाची झाडे त्यांत वाढत, पडत आणि चिखलाखाली गाडली जात. त्यांचाच पुढे कोळसा झाला. त्या पानांनी आपल्या हयातीत सूर्याचे जे ऊन साठवले तेच आपण बॉयलरात मोकळे करतो. विचार केला तर कोळसा ही सूर्यनारायणाचीच जुनी ठेव होय. ती ठेवायला कोट्यवधी वर्षे लागली आणि उधळायला दोनतीनशे वर्षे पुरली, एवढाच काय तो आपला पराक्रम. आता पुन्हा रोजच्या उन्हावर गुजराण करायची म्हणजे काही अपूर्व करायचे असे नाही. ठेव मोडून खाण्याचे सोडून रोजच्या कमाईवर घर चालवायचे, इतकेच.

पण ठेव मोडून खाल्ली म्हणून तिचे ऋण नाकारता येत नाही. सौंसरवरून जाणारी नागपूर-छिंदवाडा ही अरुंद रुळांची गाडी २०१५ साली बंद झाली. आता त्या मार्गावर रुंद रूळ आणि वर विजेच्या तारा आहेत. माझ्या लहानपणी त्या गाडीला वाफेचे इंजिन असे. रामाकोन्याच्या पुढे डोंगर लागला की इंजिन धापा टाकू लागे, आणि आम्ही मुले खिडकीबाहेर डोके काढून बसलो की डोळ्यांत कोळशाचा कण हटकून जाई. मग आई पदराचा बोळा करून त्यावर तोंडाची वाफ धरी आणि डोळा शेकी. त्या कोळशानेच आम्हाला आजोळी पोचवले, त्यानेच गावात पहिली वीज आणली, आणि ज्या दिव्याखाली बसून आमची पिढी शाळेची पुस्तके वाचू शकली तो दिवाही त्याचाच.

आमच्या नात्यातले एक काका परासियाच्या बाजूला खाणीत नोकरीला होते. सुट्टीत ते पांढुर्ण्याला येत तेव्हा त्यांच्या नखांच्या कडांत बसलेली काळी रेघ मी पाहत असे. कितीही साबण लावला तरी ती जात नसे. खाणीच्या तोंडाशी देवीचे एक लहानसे ठाणे होते. पाळीवर उतरण्यापूर्वी टोपीवरच्या दिव्याला हात लावून ते तिला नमस्कार करीत. त्या नमस्कारामागे काय होते ते मला पुढे कळले. १० डिसेंबर १९५४ या दिवशी त्याच भागातील न्यूटन चिखलीच्या खाणीत पाणी शिरले आणि ६३ माणसे बुडून मेली. काका त्या वेळी कामाला लागलेले नव्हते; पण त्या भागातील प्रत्येक घरात ती तारीख ठाऊक होती. पुढे १९७३ साली खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले आणि १९७५ पासून नागपूरला मुख्य कचेरी असलेल्या वेस्टर्न कोलफिल्ड्सकडे त्या आल्या. काका म्हणत, “आधी आम्ही ठेकेदाराचे होतो, मग सरकारचे झालो.” त्या एका वाक्यात पगार, घर, दवाखाना, मुलांची शाळा आणि म्हातारपणचे निवृत्तिवेतन हे सगळे आले होते. कोळसा वाईट, असे मी ऐकतो तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे त्या नखांच्या काळ्या रेघा येतात. आपल्या दिव्यांसाठी जे अंधारात उतरले त्यांच्यापुढे उभे राहून असे सरसकट बोलण्याचा अधिकार आपल्याला नाही.

तथापि देणे-घेणे दोन्ही बाजूंनी लिहिले पाहिजे. नागपूरकडे जाताना सावनेरच्या रस्त्याने कोराडी लागते. तेथे महालक्ष्मी जगदंबेचे प्राचीन स्थान आहे, आणि देवळाच्या अंगणातून वीजकेंद्राची उंच धुरांडी दिसतात. नवरात्रात लाखो भाविक देवीपुढे हात जोडतात, आणि त्यांच्या डोक्यावरून तो धूर जात असतो. होमकुंडातले भस्म आपण कपाळी लावतो. या कुंडाची राख मात्र कोणाच्याही कपाळी लावण्याजोगी नाही. आपल्या देशातील कोळशात राखेचे प्रमाण मोठे. शंभर किलो जाळला तर तीस-चाळीस किलो राखच उरते. तिचे डोंगर आणि तळी होतात. जुलै २०२२ मध्ये कोराडीच्या राखेच्या तळ्याचा खसाळ्याजवळचा बांध फुटला आणि राखमिश्रित पाण्याचा लोंढा शेतांत व ओढ्यांत शिरला.

ही राख तरी डोळ्यांना दिसते. न दिसणारे जे जाते त्याची मोजणी हवाई बेटांवरील मौना लोआ येथे १९५८ साली चार्ल्स कीलिंग या शास्त्रज्ञाने सुरू केली. त्या वेळी हवेच्या दहा लाख भागांत कर्बवायूचे सुमारे ३१५ भाग होते. यंत्रयुगापूर्वी ते २८० च्या आसपास होते. आज ते ४२० च्या पुढे गेले आहेत. २०२४ हे साल नोंदी ठेवू लागल्यापासूनचे सर्वांत उष्ण साल ठरले. हे आकडे वाचून विसरून जाता येतात. पण संत्र्याच्या झाडाला ते विसरता येत नाहीत.

ज्यांना बागेची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. संत्र्याला बहर हवा असेल तर आधी झाडाला ताण द्यावा लागतो. आंबिया बहरासाठी थंडीत काही आठवडे पाणी तोडायचे, झाड तहानेने थोडे सुकवायचे, पाने मलूल होऊ द्यायची; आणि मग एके दिवशी पाणी सोडायचे. तो दिवस बरोबर साधला की पंधरा-वीस दिवसांत सबंध बाग पांढऱ्या फुलांनी लहडते आणि वाऱ्याबरोबर वास रस्त्यापर्यंत येतो. मृगाच्या बहरासाठी हाच उपवास उन्हाळ्यात करायचा आणि पारणे पावसाच्या पहिल्या सरींनी फेडायचे. सारा हिशेब ऋतूच्या शब्दावर चालतो. माझ्या शेजारचे एक वृद्ध बागाईतदार मागच्या थंडीत म्हणाले, “गुरुजी, झाडाले आता ताणच बसत नाही. उपास धराले लावा, तं पौषात पाणी येते आन् एकादशी मोडते.” अवेळी आलेल्या पावसाने ताण तुटतो, बहर अर्धवट फुटतो, आणि जो फुटतो त्याची फळे पुढे उन्हाच्या तडाख्याने गळून पडतात. कोणत्याही एका वर्षाच्या अवकाळी पावसाचे खापर कोळशावर फोडणे शास्त्राला धरून होणार नाही, हे मी जाणतो. परंतु हवा तापली की ती अधिक पाणी धरते आणि ऋतूंचे वेळापत्रक विस्कटते, हे शास्त्रानेच सांगितले आहे. उपवास करणारा तोच, नियमही तेच; बदलले आहे ते पंचांग.

म्हणजे हा देव जावयास हवा, याविषयी मला शंका नाही. प्रश्न आहे तो कसा आणि कोणाच्या खर्चाने.

२०२१ च्या नोव्हेंबरात ग्लासगो येथे जगातील राष्ट्रांची परिषद भरली. भारताने तेथे सांगितले की २०७० पर्यंत आपले कर्बउत्सर्जन निव्वळ शून्यावर आणू, आणि २०३० पर्यंत खनिज इंधनावाचून चालणाऱ्या वीजकेंद्रांची क्षमता ५ लाख मेगावॅट करू. त्याच परिषदेत अखेरच्या घटकेला कोळसा ‘संपवणे’ हा शब्द मागे पडून ‘कमी करत नेणे’ असा झाला, आणि त्याबद्दल आपल्या देशाला बोल लागला. श्रीमंत राष्ट्रांनी बोल लावावा हे थोडे विचित्रच होते. भारतात माणसामागे वर्षाला सुमारे दोन टन कर्बवायू निघतो, अमेरिकेत सुमारे चौदा टन. ज्यांनी शतकभर मेजवानी झोडली त्यांनी पंगतीच्या शेवटी बसलेल्याला मिताहाराचा उपदेश करावा, तशातलाच हा प्रकार.

आमच्या पांढुर्ण्यात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमार होते. जाम नदीच्या मध्यावर पळसाचे झाड रोवतात. एका तीरावर पांढुर्णा, दुसऱ्या तीरावर सावरगाव. आणि त्या झाडासाठी दोन्ही तीरांवरून दगड चालतात. सायंकाळी झाड चंडीमातेच्या चरणी जाते आणि दोन्ही तीरांची माणसे दवाखान्यात शेजारी शेजारी निजतात. हवामानाच्या परिषदांची वृत्ते वाचताना मला अनेकदा त्या दृश्याची आठवण होते. एका तीरावर ‘आत्ताच्या आत्ता बंद करा’ म्हणणारे, दुसऱ्यावर ‘आम्हाला वाढायचे आहे’ म्हणणारे. दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य आहे. परंतु दगड लागतात ते मात्र नदीत उतरलेल्यांना. परासियाचा खाणकामगार आणि सौंसरचा बागाईतदार हे दोघेही नदीतच उभे आहेत.

आवाहनाचे काम जोरात चालू आहे, हे मान्य केले पाहिजे. आमच्याच राज्यात रीवा येथे ७५० मेगावॅटचे सौरकेंद्र २०२० मध्ये राष्ट्राला अर्पण झाले. त्याची काही वीज दिल्लीच्या मेट्रोला जाते. ओंकारेश्वराच्या धरणावर पाण्यावर तरंगणारे सौरकेंद्र उभे राहिले आहे. गुजरातेतील मोढेरा, जेथे अकराव्या शतकातील सूर्यमंदिर आहे, ते गाव २०२२ मध्ये रात्रंदिवस सौरविजेवर चालणारे म्हणून घोषित झाले. देवस्थानेही मागे नाहीत. तिरुमलेला २००२ पासून आणि शिर्डीच्या प्रसादालयात २००९ पासून उन्हाच्या वाफेवर अन्न शिजते; शिर्डीला त्यासाठी ७३ मोठ्या आरशांच्या तबकड्या बसवलेल्या आहेत. २०२५ च्या जून अखेर तर देशाच्या एकूण वीजक्षमतेचा निम्मा भाग खनिज इंधनाबाहेरचा झाला. २०३० साठी ठरवलेला टप्पा पाच वर्षे आधी गाठला गेला.

पण क्षमता आणि प्रत्यक्ष वीज यांत भेद आहे. ऊन मावळते आणि नेमके तेव्हाच घरोघर दिवे लागतात. विजेची साठवण अजून महाग आहे. म्हणून आजही देशातील दहा भागांपैकी सात भाग वीज कोळशाचीच असते, आणि २०२४-२५ या वर्षात आपण शंभर कोटी टनांहून अधिक कोळसा खणला. इतका यापूर्वी कधीही खणला नव्हता. बैतूल जिल्ह्यातील सारणीचे जुने संच निवृत्त झाले, आणि त्याच आवारात ६६० मेगावॅटचा नवा संच उभारायचे ठरले आहे. कोराडीलाही तसेच आणखी दोन व्हायचे आहेत. एका हाताने आवाहन आणि दुसऱ्या हाताने जुन्या देवाला नवा नैवेद्य, अशी आपली आजची स्थिती आहे. हिला कोणी ढोंग म्हणेल. मी संक्रमण म्हणतो. मात्र संक्रमणालाही पुण्यकाळ असतो, आणि तो टळून जाऊ द्यायचा नसतो.

या सगळ्या धामधुमीत जे कोणाच्या लक्षात येत नाही ते आमच्या उत्तरेच्या डोंगरात घडत आहे. पेंच आणि कन्हान खोऱ्यातील जुन्या भूमिगत खाणी एकामागून एक बंद पडत आल्या आहेत. हवामानाच्या चिंतेने कोणी त्या बंद केलेल्या नाहीत. कोठे कोळसा संपला, कोठे खर्च परवडेना. दुसरीकडच्या उघड्या खाणींत यंत्रे थोड्या माणसांत अधिक कोळसा काढतात. कारण काहीही असो. गावाच्या दृष्टीने फळ एकच. ज्याला पुढारी ‘उद्याचे स्थित्यंतर’ म्हणतात ते तेथे केव्हाच सुरू झाले आहे, आणि तेही उत्तरपूजेवाचून.

आमच्या काकांचा नातू तिकडच्याच एका खाणीत ठेकेदाराकडे काम करीत असे. जामसावळीला पिंपळाखाली निजलेल्या मारुतीच्या दर्शनाला शनिवारी खाणींकडचे लोकही येतात; तेथे तो मला भेटला. आमच्याकडे वडिलांच्या थोरल्या भावाला मोठेबाबा म्हणतात. तो म्हणाला, “मोठेबाबा, खाण बंद झाली त्या दिवशी कोणी काही बोललं नाही. फाटकावर कागद लावला होता. पक्के लोक दुसरीकडे बदलून गेले. आमचं नाव कोणत्या यादीतच नव्हतं, तर बदली कोणाची करणार?” आता तो नागपुरात मालमोटार चालवतो. आजोबा ठेकेदाराचे होते ते सरकारचे झाले. नातू पुन्हा ठेकेदाराचा झाला आणि शेवटी कोणाचाच उरला नाही. कायम नोकराला निवृत्तिवेतन आहे, भविष्यनिधी आहे. कोळसा भरणारा, ट्रक हाकणारा, फाटकासमोर चहाची टपरी चालवणारी बाई, वसाहतीतील शाळेपुढे बोरे विकणारी म्हातारी, यांच्या नावे काहीच नाही. खाण बंद होते तेव्हा तिच्याबरोबर बाजार, दवाखाना आणि शाळाही हळूहळू विझत जातात.

दक्षिणेसाठी पैसा नव्हता असेही नाही. २०१० साली सरकारने कोळशाच्या प्रत्येक टनावर पन्नास रुपयांचा स्वच्छ ऊर्जा उपकर बसवला; २०१६ पर्यंत तो चारशे रुपयांवर गेला. कोळशाकडूनच घेऊन त्याच्या वारसाची सोय करावी, ही कल्पना किती शहाणपणाची होती! परंतु जमलेल्या रकमेचा मोठा भाग त्या कामाकडे गेलाच नाही. २०१७ मध्ये नवी करपद्धती आली आणि हा उपकर राज्यांची तूट भरून काढण्याकडे वळला. २०२५ मध्ये तोही संपला. दक्षिणा ताम्हनात पडली खरी. पण जिच्यासाठी ठेवली होती तो विधीच झाला नाही. २०१५ च्या कायद्याने जिल्ह्याजिल्ह्यांत खनिज निधी स्थापन झाले आहेत. त्यांचा पैसा खाणीमुळे बाधित झालेल्यांसाठी आहे. खाण जाण्याने बाधित होणाऱ्यांची गणनाही त्यांत करायला हरकत काय?

हे होऊ शकत नाही असे कोणी म्हणू नये; जगात दोन्ही प्रकारचे दाखले आहेत. ब्रिटनमध्ये १९८४-८५ साली खाणी बंद करण्यावरून वर्षभर संप चालला. कामगार हरले, खाणी मिटल्या आणि कित्येक खाणगावे त्या आघातातून पुरती सावरली नाहीत. १८८२ साली लंडनमध्ये कोळशाचे पहिले सार्वजनिक वीजकेंद्र सुरू करणाऱ्या त्या देशाने ३० सप्टेंबर २०२४ रोजी आपले अखेरचे कोळशाचे केंद्र बंद केले. पण त्या विसर्जनाचे जे दुःख होते ते चाळीस वर्षांपूर्वीच खाणगावांनी भोगून टाकले होते. उलट जर्मनीने रूरच्या खोऱ्यातील खाणी मिटवण्याचा निर्णय २००७ साली घेतला आणि त्यासाठी अकरा वर्षांची मुदत दिली. वयस्कांना लवकर निवृत्ती, तरुणांना दुसरे काम. कोणालाही उघड्यावर टाकायचे नाही असे ठरवून ते पार पाडले. २१ डिसेंबर २०१८ रोजी बोट्रोप येथील शेवटच्या खाणीतून कामगारांनी कोळशाचा अखेरचा तुकडा वर आणला आणि तो राष्ट्रपतींच्या हाती दिला. आदल्या दिवशी एसेनच्या मोठ्या प्रार्थनामंदिरात कृतज्ञतेची उपासना झाली होती. ते लोक आपल्या धर्माचे नाहीत, आपली पोथी त्यांनी वाचलेली नाही. परंतु उत्तरपूजा म्हणजे काय ते त्यांना कळले होते.

या मासिकाच्या गोमंतकीय वाचकांना हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. परदेशचा कोळसा मुरगाव बंदरात उतरतो आणि दूधसागराच्या घाटातून कर्नाटकातील पोलादाच्या कारखान्यांकडे जातो. वास्कोच्या खिडक्यांवर बसणारी काळी भुकटी तिकडच्या गृहिणींना चांगली परिचयाची आहे. ‘गोंयांत कोळसो नाका’ ही कोंकणी हाक त्यातूनच उठली, आणि अरण्यातून दुसरा लोहमार्ग नेण्यासाठी मिळालेली वन्यजीव मंडळाची मान्यता सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये रद्द केली. त्या हाकेशी मी सहमत आहे. मात्र एवढेच सुचवावेसे वाटते की ‘नाका’ म्हणताना या कोळशावर ज्यांची चूल पेटते त्या हमालाचे आणि मोटारहाक्याचे नाव आपल्या वहीत असावे. नकारालाही शिष्टाचार असतो.

मग ही उत्तरपूजा करायची कशी? तिचे उपचार मला तरी स्पष्ट दिसतात. पहिला उपचार मुहूर्ताचा: कोणती खाण आणि कोणता संच कोणत्या वर्षी बंद होणार हे आधी दहा वर्षे गावाला सांगावे, फाटकावर कागद लावून नव्हे. दुसरा गणतीचा: यादीत ठेक्यावरचे, टपरीवरचे आणि बायकांचेही नाव यावे. तिसरा भूमीचा: पोखरलेली जमीन भरून, राखेची तळी झाकून, नदी पुन्हा वाहती व निर्मळ करून द्यावी. चौथा नव्या कामाचा: जुने सुटण्यापूर्वी नवे हाती यावे, आणि नवी सौरकेंद्रे व विजेच्या साठवणुकीची कामे शक्य तितकी त्याच खाणगावांच्या पडीक भूमीवर यावीत, म्हणजे शेतकऱ्याचे शेत आणि गुराख्याचे कुरण वाचेल. पाचवा दक्षिणेचा: कोळशावरचा कर कोळशाच्या माणसांकडेच पोचावा.

देवस्थानांनाही यात वाटा आहे. छपरावर सौरपाट्या बसवणे हा सोपा भाग झाला, आणि तो करावाच. पण त्यामुळे वीजबिलात जी बचत होईल तिचा एक हिस्सा बंद पडलेल्या खाणगावातील एखाद्या मुलाच्या शिक्षणासाठी ठेवता येईल. नंदादीप कोणत्या विजेवर लागतो याइतकाच, तो लागताना कोणाच्या घरचा दिवा विझला, हाही धर्माचा प्रश्न आहे.

एका बाबतीत मात्र या उत्तरपूजेचा विधी थोडा बदलावा लागेल. गणपतीला निरोप देताना आपण पुन्हा येण्याची प्रार्थना करतो. येथे ती गाळावी लागेल. बाकी सारे तसेच राहू द्यावे: अक्षता, शिदोरी, क्षमायाचना. आवाहनाचे पुरोहित पुष्कळ मिळतात, उत्तरपूजेला बसणारे थोडेच असतात. ते थोडे लोक कोठून येतील, हे मला ठाऊक आहे. परासियाच्या ज्या घरांत दिव्याला हात लावून उतरणाऱ्यांची नावे अजून घेतली जातात, आणि सौंसरच्या ज्या बागांत पौषातल्या ढगाकडे मान वर करून पाहिले जाते, तेथून ते येतील. त्यांना बसायला पाट मांडून देणे, एवढे काम उरलेल्या आपणा सर्वांचे आहे.